पुणे–गोवा, क्लासिक ३५० आणि तंबू: ३४ किलोचं सामान निम्म्यावर कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरअखेर पुण्याहून एकट्याने रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० वर निघायचं, वाटेत एक रात्र आंबोलीला काढायची आणि पुढे गोव्यात वागातोरला मोटोव्हर्स, म्हणजे रॉयल एनफिल्डवाल्यांची दरवर्षीची रॅली, पूर्वीची रायडर मेनिया, गाठायची. तिथल्या तीन रात्री म्हापशाजवळ मित्राच्या घराच्या आवारात तंबू टाकून राहायचं. सगळं सामान काढून वजन केलं तर ३४ किलो भरलं. आता ८० लिटरची मोठी बॅग घ्यावी की दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या बसवाव्यात, असं तुम्ही सामानाची यादी देऊन विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नको. बॅग जेवढी मोठी, तेवढं सामान आपोआप भरतं. आज ८० लिटरची घेतलीत तर पुढच्या वर्षी तीही पुरणार नाही. पेट्यांचं तर नुसतं लोखंड आणि त्यांची चौकटच दहा किलोच्या पुढे जाते. एक कपडाही न भरता एवढं वजन गाडीवर चढवायचं कशाला?

तुमची यादी दोनदा वाचली. ती गोव्याची नाही, लडाखची आहे. पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन, शून्य अंशाची स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी, चार दिवसांचा शिधा. व्हिडिओ बघून यादी केली की असंच होतं, कारण बहुतेक व्हिडिओ मनाली–लेह रस्त्याचे असतात. त्या वाटेवर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक वर्षानुवर्षं होता, म्हणून लोक कॅन बांधायचे. तुमच्या रस्त्यावर सातारा, कराड, कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा आहेत. गाडीची टाकी १३ लिटरची, आणि अगदी ३० चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी पावणेचारशे किलोमीटर सहज जाते. कॅन घरी ठेवा, पाच लिटर पेट्रोल आणि डबा मिळून चार किलो तिथेच उतरले.

माझी पद्धत साधी आहे. रस्त्यावर जे विकत किंवा मागून मिळतं ते रस्त्यावरच राहू द्यायचं. जे मिळत नाही, आणि नसलं तर रात्र किंवा सकाळ वाया जाते, तेवढंच गाडीवर घ्यायचं. या चाळणीतून बघितलं तर झोपेचं सामान सगळ्यात आधी येतं, मग गाडीचं, मग अंगावरचं. खाण्यापिण्याचं जवळजवळ काहीच उरत नाही.

आधी झोप. अपुऱ्या झोपेनंतर सकाळी आंबोलीचा घाट उतरताना हँडलवर डोळे जड होतात, म्हणून इथे वजनाची कंजुषी मी करत नाही. पण आकाराची करतो. दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्या. एकट्याला दोघांचा तंबू लागतो, कारण हेल्मेट, जॅकेट आणि बूट आत घ्यायचे असतात. अडीच-तीन किलोपर्यंत वजन चालेल. दुकानात वजनापेक्षा आधी बघायचं ते घडी केल्यावर काड्यांची लांबी किती होते ते. काही स्वस्त तंबूंच्या काड्या ६०-६५ सेंटिमीटरच्या होतात आणि सीटवर आडव्या बांधल्या की दोन्ही बाजूंना बाहेर येतात. ४५ सेंटिमीटरच्या आसपासच्या मिळाल्या तर दोनशे ग्रॅम जास्त गेले तरी हरकत नाही.

स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू घ्यायचं कारण तिथली जमीन. आंबोली काय आणि म्हापसा काय, खाली जांभा खडक. तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या मेखा जांभ्यात दोन इंचही जात नाहीत, वाकून बसतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची जाड खिळे चार-सहा घ्या, पुरतात. जिथे तेही जात नाहीत तिथे दोरी दगडाला बांधायची. तंबू मेखांशिवाय उभा राहत असेल तर चार कोपरे ओढून धरण्यापुरताच हा प्रश्न उरतो.

‘मग तंबूच कशाला, ताडपत्री टाकून झोपतो’ असं म्हणणारे रॅलीत हमखास भेटतात. सह्याद्रीत आणि कोकणात मी ते करत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश इतका बारीक असतो की झोपेत कळतही नाही. आंबोलीच्या झाडीत चापडा हा हिरवा विषारी सापही आहे. चेन लावून पूर्ण बंद होणारी जाळीची खोली हाच तंबूचा खरा उपयोग, पाऊस-दव नंतर. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, आणि आत ठेवले तरी सकाळी झटकून घालायचे.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. एक आरामात झोप लागेल तो, दुसरा कसाबसा तग धराल तो. दुकानदार दुसरा सांगतो. तुम्ही पहिला बघा. नोव्हेंबरअखेर आंबोलीला पहाटे पारा पंधराच्या आसपास, एखाद्या रात्री त्याहूनही खाली जातो. गोव्यात विशीच्या आसपास राहतो. आरामाचा आकडा १० ते १२ असलेली, किलोभराची बॅग पुरे. ती गोव्यात उघडून पांघरुणासारखी वापरता येते. शून्य अंशाच्या बॅगेत म्हापशाला घामाने भिजाल. सोलापुरी चादरीवर माझा जीव आहे, पण ती एकदा दवाने ओली झाली की कोकणातल्या हवेत दिवसभर वाळत नाही. घडीची फोमची चटई बाहेरून बांधता येते आणि काटा लागला तरी फुसकन बसत नाही, म्हणून या सहलीला मी हवेच्या गादीपेक्षा तीच निवडेन. पाठ किंवा कंबर धरत असेल तर मात्र हवेची गादी घ्या. तिथे माझं ऐकू नका.

उशी नको. रायडिंग जॅकेटचे पॅड काढायचे, जॅकेट उलटं करून गुंडाळायचं, वर पंचा घालायचा.

आता दव, कारण कोकणात तंबू टाकणाऱ्या नवख्याला सकाळी सगळ्यात जास्त हेच छळतं. वरचं कापड बाहेरून दवाने आणि आतून तुमच्या श्वासाच्या वाफेने ओलं होतं. गारठा वाजतो म्हणून वारा यायच्या खिडक्या बंद केल्यात तर आतलं पाणी दुप्पट. त्या उघड्याच ठेवा. सकाळी उठल्यावर आधी आतलं सगळं आवरायचं, बॅगा भरून गाडीवर चढवायच्या, तंबू शेवटी. वरच्या कापडाच्या आतल्या बाजूवरून पंचा फिरवायचा, पिळायचा, पुन्हा फिरवायचा. मग ते कापड सोडवून दोन टोकं धरून जोरात झटकायचं आणि सीटवर टाकायचं. तेवढ्यात आतली जाळीची खोली काड्यांसकट उचलून उलटी करायची. खालचा तळ ओला असतोच, तो वर येतो. पाच-दहा मिनिटं ऊन लागलं तर उत्तम. मुद्दा हा की वरचं ओलं कापड आणि आतली कोरडी खोली एकाच पिशवीत कोंबायची नाही. ओल्याला वेगळी पिशवी, तीही बाहेर पट्ट्याखाली. दुपारी जेवायला थांबलात की ढाब्याच्या कुंपणावर ते कापड पसरायचं, अर्ध्या तासात वाळतं.

शेगडीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, दंड होतो. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर शेगडी पेटवायचं चित्र डोक्यातून काढून टाका. आंबोलीच्या भोवती वनखात्याची हद्द आहे. तिथे परवानगीशिवाय तंबूच टाकता येत नाही, जाळ तर लांबच. तिथे एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात पैसे देऊन जागा घ्या. संडास-मोरी मिळते, गाडी डोळ्यांसमोर राहते आणि घरच्या बाई सकाळी चहा-पोहे देतात. उरलं मित्राचं आवार, तिथे आत स्वयंपाकघर आहेच. शेगडी एकटी कधीच येत नाही. तिच्यामागे डबा, पातेलं, चहा-साखर, दूध पावडर, कप, घासणी आणि काडेपेटी अशी सगळी वरात निघते, आणि ती तीन किलोची होते. खाण्यात फक्त गूळ-शेंगदाणे, खजूर आणि कोल्हापुरात घेतलेलं भडंग. पाणी गाडीवर एक लिटर, आणि एक रिकामी घडीची पिशवी जी आजऱ्यात संध्याकाळी भरून घ्यायची. दिवसभर पाच लिटर पाणी वाहून नेण्यात काहीच हशील नाही.

कपड्यांचं माझं गणित असं. एक जोड अंगावर, एक बॅगेत, एक रात्रीचा. रात्रीचा जोड संध्याकाळशिवाय घालायचा नाही, म्हणजे तो कायम कोरडा राहतो. बाकीचं रोज रात्री धुवायचं, आणि म्हणूनच जीन्स नको. जाड सुती कापड दमट हवेत दोन दिवस ओलं राहतं. जलद वाळणारे टीशर्ट आणि पातळ पँट घ्या. लुंगी मात्र न चुकता. ती कपडे बदलायला आडोसा होते, गोव्यात पांघरूण होते, आंघोळीनंतर अंग पुसता येतं, तंबूवर टाकली तर दुपारची सावली होते, आणि वजन पावशेरसुद्धा नाही. तुमच्या यादीतले दोन टॉवेल तिच्या बदल्यात काढा. रेनकोट, जॅकेटवरून चढणारा, घ्याच. त्या दिवसांत पाऊस सहसा नसतो, पण अरबी समुद्रात वादळ झालं तर पडतो. निघण्याआधी दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज बघा. पाऊस नाही आला तरी पहाटे खंबाटकीच्या थंड वाऱ्यात तोच रेनकोट जॅकेटवर चढवला की स्वेटरची गरज उरत नाही.

गाडीचं सामान कोणतं, हे तुमच्या चाकांवर ठरतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही. अलॉय चाकं असतील तर टायर ट्यूबलेस आहेत. मग पंक्चरच्या दोऱ्यांचा किट आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप, संपला विषय. तारांची चाकं असतील तर आत ट्यूब आहे आणि रस्त्याकडेला एकट्याने मागचं चाक काढणं सोपं नाही. या हायवेवर पंक्चरवाले जागोजागी आहेत, तेव्हा टायर काढायच्या पट्ट्या नेण्यापेक्षा मागच्या टायरची, १२०/८०-१८ ची, एक ट्यूब जवळ ठेवा. पंक्चरवाला ठिगळ लावून देईल, पण ट्यूब वॉल्व्हपाशी फाटली तर लहान गावात त्या मापाची मिळेलच असं नाही.

क्लच केबल बॅगेत न ठेवता जुन्या केबलला लागून, टाकीखालून, दोन्ही टोकं झाकून आधीच बांधून ठेवायची. ही जुन्या बुलेटवाल्यांची युक्ती. तुटली तर टाकी न काढता दोन टोकं बदलली की गाडी चालू, आणि बॅगेत जागाही जात नाही. पाने किती घ्यायचे याची परीक्षा घरीच होते. तुमच्या ३२ नगांच्या पेटीतले जे पाने तुमच्या गाडीच्या एकाही नटाला बसत नाहीत ते बाजूला काढा. चेन ताणायला, आरसा घट्ट करायला, बॅटरीची टोकं आवळायला आणि फ्यूज बदलायला जे लागतं तेवढं एका जुन्या मोज्यात भरा. मोजाच, कारण पेटी खडखडते आणि तिलाही वजन असतं.

आता बांधणी. खरं तर ३४ किलोपेक्षा ते कुठे बांधलंय याने गाडी जास्त बिघडते. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे, शेपटीकडे जेवढं वजन जाईल तेवढं पुढचं चाक हलकं होतं. शहरात कळत नाही. कराडच्या पुढे ८० च्या वेगाने जाताना ट्रक ओलांडला की हँडल डुलतं, तेव्हा कळतं. म्हणून जड ते खाली आणि पुढे. पाने, ट्यूब, पाणी हे बाजूच्या बॅगांच्या तळाशी, तुमच्या पोटऱ्यांच्या जवळ. तंबू आणि स्लीपिंग बॅग सीटवर आडवी, पाठीला टेकून. मागच्या कॅरिअरवर फक्त चटई आणि चप्पल. त्या कॅरिअरची वजनाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, ती बघा. वाटते त्याहून बरीच कमी निघते.

तुम्हाला ८० लिटर नको, बाजूच्या दोन मऊ बॅगा मिळून ३५-४० लिटर आणि सीटवरची एक गुंडाळून बंद होणारी ३० लिटरची जलरोधक पिशवी पुरे. उजवीकडे सायलेन्सर आहे. बॅग त्याच्यावर लोंबकळली तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये वितळलेल्या प्लास्टिकचा वास येतो. बॅगेला आधार देणारी साधी नळीची चौकट बसवून घ्या, ती किलो-दीड किलोची असते आणि पेट्यांच्या मानाने काहीच नाही. आकडेवाल्या लवचिक दोऱ्या टाळा. त्या सैल होतात, आणि हातातून निसटल्या तर आकडा थेट डोळ्यावर येतो. बकल असलेले रुंद पट्टे वापरा आणि पट्ट्याचं सुटं टोक गुंडाळून खोचा. ते चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. सगळं बांधून झालं की मागे जाऊन इंडिकेटर, टेललाइट आणि नंबरप्लेट दिसतात का ते बघायचं. खेड-शिवापूरला चहाला थांबायचं आणि पट्टे पुन्हा ओढायचे. पहिल्या तासात सामान बसतं आणि पट्टे ढिले पडतातच.

पाठीवर सॅक नको. यादीत ती १२ किलोची आहे. तिने खांदे जातात, आणि पडलात तर मणक्याखाली आत काय आहे ते महत्त्वाचं ठरतं. टायरची हवा आणि मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताण भारानुसार वाढवायचा असतो. आकडे गाडीच्या पुस्तिकेत आहेत, ते बघून निघायच्या आदल्या दिवशी करून घ्या.

आतापर्यंतचा हिशेब मांडतो. झोपेचं साडेचार-पाच किलो, कपडे-रेनकोट-चप्पल तीन, गाडीचं अडीच, पाणी-खाऊ दीड, औषधं-दिवा-चार्जिंग एक, बॅगा-चौकट-पट्टे साडेतीन. झाले सोळा-साडेसोळा किलो. यात कॅमेरा धरलेला नाही. तुमच्याकडे तीन लेन्स आहेत असं दिसतंय. तो निर्णय तुमचा, फक्त त्यांच्या वजनाएवढं काहीतरी काढा.

हे सगळं एकटे जाताय म्हणून. मागे कोणी बसणार असेल तर सीटवरची जागाच जाते, मग तंबूचा विचार सोडून खोली घेणं शहाणपणाचं. पाच-सहा गाड्यांचा गट असेल तर पंप, पाने आणि औषधांची मोठी पिशवी एकाकडेच द्यायची. प्रत्येकाने तोच पंप आणलेला मी रॅलीत कायम बघतो. पण डोक्याला लावायचा दिवा, रेनकोट, पाणी आणि स्वतःची रोजची गोळी वाटून घ्यायची नाही. घाटात गट फुटतो, आणि नेमका ज्याच्याकडे दिवा तो पुढे सावंतवाडीला पोचलेला असतो.

निघायच्या आठवडाभर आधी एक काम करा. सगळं बांधून संध्याकाळी एखाद्या ओळखीच्या शेतावर, सासवड-भोर कुठेही, जा आणि अंधारात तंबू उभा करा. हातात मोबाइल न धरता, डोक्याला दिवा लावून. सकाळी आवरून गाडीवर बांधायला किती वेळ लागतो ते बघा. तासापेक्षा जास्त लागला तर सामान अजून जास्त आहे. परत आल्यावर ज्या वस्तूला हातही लागला नाही ती काढा. औषधं, ट्यूब आणि रेनकोट याला अपवाद.

येतानाचं राहिलं. रॅलीत टीशर्ट घेतले जातात, आणि म्हापशाचा बाजार, त्यातून शुक्रवारचा, बघितला की काजू, कोकम, चोरिसो (गोव्याचं सॉसेज) यांचा मोह होतो. जाताना बाजूच्या एका बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा, नाहीतर म्हापशाहूनच कुरिअर करून टाका. बाटल्यांचं मात्र आधीच ठरवा. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे, आणि तिथे नीट बांधलेलं सगळं सामान रस्त्याकडेला सोडून दाखवावं लागतं.

चाकं तारांची की अलॉय, आणि बरोबर गट आहे का, एवढं कळवा. पान्यांची नेमकी यादी त्यावरून देतो.